एक प्रवाह, शंभर मोबाईल: वाय-फायवर मल्टिकास्ट नीट पोचवण्याची क्रमवार पद्धत

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कॉलेजची सभागृहं, शेतकरी प्रशिक्षणाचे हॉल आणि आश्रमशाळा यांची मागणी साधारण सारखीच असते. इंटरनेट बारीक आहे किंवा नाहीच, पण एका जागचा आवाज, व्हिडिओ किंवा धड्यांच्या फाईली एकाच वेळी सगळ्यांच्या मोबाईलवर, टॅबवर पोचवायच्या आहेत. मल्टिकास्ट, म्हणजे एकच प्रत पाठवून ती मागणाऱ्या सगळ्यांना एकदम पोचवणं, यासाठीच आहे. तक्रारीही ठरलेल्या असतात. कुठे चार मिनिटं छान चालतं आणि मग सगळ्यांचं एकदम थांबतं. कुठे व्यासपीठाजवळ स्वच्छ दिसतं, मागच्या रांगेत चौकोन चौकोन दिसतात. कुठे मोबाईल घेऊन शेजारच्या खोलीत गेलं की चित्र गोठतं.

या तिन्हींची कारणं वेगळी आहेत: पहिलं स्विचमध्ये (केबली एकत्र जोडणारा डबा), दुसरं हवेत (वाय-फायच्या रेडिओलहरींत), तिसरं ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारं उपकरण) बदलताना. लोक मात्र तिन्हींवर एकच उपाय करतात. व्हिडिओचा दर्जा कमी करतात, नाहीतर महागडा राउटर आणतात. खाली दिलेला क्रम मोडू नका. आधी तार पक्की करा, मग हवा, मग मोबाईल, आणि शेवटी हालचाल.

## १. मल्टिकास्टच हवं आहे का, हे आधी ठरवा

ऐकणारे दहा-बारा असतील तर प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवणं सोपं आणि भरवशाचं. पंचवीस-तीसच्या पुढे गेलात की मल्टिकास्टचा फायदा दिसू लागतो.

तीन ठिकाणी मात्र ते वापरू नका. पहिलं, सार्वजनिक इंटरनेट. शहाद्याहून धडगावला मल्टिकास्ट पाठवू म्हटलं तर जाणार नाही, कारण इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांचे राउटर ते पुढे नेत नाहीत. शहाद्याहून धडगावच्या एका संगणकापर्यंत साधा एकास-एक प्रवाह न्या आणि तिथून पुढे त्या इमारतीतच मल्टिकास्ट करा. दुसरं, मोबाईल डेटा. सिमच्या नेटवर्कवर तुमचा प्रवाह पोचत नाही, म्हणून ऐकणारा तुमच्या वाय-फायवरच असला पाहिजे. तिसरं, सारंगखेड्याच्या यात्रेसारखं उघडं मैदान. हजारो मोबाईल एकाच हवेत शोधाशोध करत असतात, तिथे ध्वनिक्षेपकच बरा.

## २. कागदावरची तयारी

हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि नेमकं हेच टाळलं जातं. लिहून काढा: एकूण प्रवाह किती, प्रत्येकाचा वेग किती, एका ॲक्सेस पॉइंटवर जास्तीत जास्त मोबाईल किती, माणसं बसून राहणार की फिरणार, आणि पाठवणारा संगणक कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टवर (केबलच्या खाचेवर) आहे.

दोन नमुने घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. पहिला नमुना: नंदुरबारला शिक्षकांचं प्रशिक्षण आहे आणि मराठी, अहिराणी, पावरी अशा तीन भाषांत दुभाष्यांचा आवाज मोबाईलवर द्यायचा आहे. प्रत्येक आवाज ६४ किलोबिट, म्हणजे तिन्ही मिळून दोनशे किलोबिटच्या आत. दुसरा नमुना: रावेरला केळी उत्पादकांना कंदप्रक्रियेचं जवळून चित्रण मागच्या रांगेपर्यंत दाखवायचं आहे. त्यासाठी २ मेगाबिटचा एक व्हिडिओ पुरतो.

वीज आणि ऊन हेही याच कागदावर येतं. घरगुती ॲक्सेस पॉइंटच्या माहितीपत्रकात चालण्याची मर्यादा बहुधा ४० अंशांपर्यंत दिलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीतच पारा ४४-४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याखाली त्याहूनही जास्त. पत्र्याला चिकटवून उपकरण लावू नका. भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, हवा खेळती असेल तिथे लावा. स्विच, सर्व्हर आणि ॲक्सेस पॉइंट तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्या. नुसता सर्व्हर इन्व्हर्टरवर ठेवून उपयोग नाही.

## ३. ग्रुपचा पत्ता निवडणं

मल्टिकास्टमध्ये प्रवाह एका पत्त्यावर सोडतात आणि ज्याला हवा तो त्या पत्त्याची मागणी करतो. हा पत्ता म्हणजे ग्रुप. या पत्त्यांचा पहिला आकडा २२४ पासून २३९ पर्यंतचा. संस्थेच्या आतल्या वापरासाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते राखलेले आहेत, तेच घ्या. उदाहरणार्थ २३९.१०.२०.१, २३९.१०.२०.२, २३९.१०.२०.३.

सावध: २३९.०.०.१ किंवा २३९.१२८.०.१ असे पत्ते घेऊ नका. ग्रुपच्या पत्त्याचे फक्त शेवटचे २३ बिट इथरनेटच्या पत्त्यात उतरतात, त्यामुळे ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच इथरनेट पत्त्यावर येतात. वरचे दोन्ही पत्ते २२४.०.०.१ शी जुळतात. तो पत्ता नेटवर्कच्या स्वतःच्या कामाचा असल्यानं बरेच स्विच ती वाहतूक न गाळता सगळ्या पोर्टवर सोडतात. मग स्नूपिंग (स्विचची गाळणी, पुढच्या भागात पाहू) चालू असूनही प्रवाह सगळीकडे पसरतो आणि कारण सापडत नाही. २३९.२५५.२५५.२५० हाही टाळा. टीव्ही आणि प्रिंटर एकमेकांना शोधायला तो वापरतात.

प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र ग्रुप द्या. तीन भाषा एकाच पत्त्यावर तीन वेगळ्या पोर्ट क्रमांकांनी (स्विचचा पोर्ट नव्हे, प्रोग्रॅममध्ये द्यायचा क्रमांक) सोडणं ही फार पाहायला मिळणारी चूक आहे. मोबाईल नेटवर्कला सांगतो ते फक्त ‘मला हा ग्रुप हवा’ एवढंच. पोर्ट क्रमांक तो सांगत नाही. पत्ता एकच असला तर पावरी ऐकणाऱ्याच्या मोबाईलकडे मराठी आणि अहिराणीही येतात आणि हवा तिप्पट भरते.

## ४. स्विच: स्नूपिंग आणि क्वेरियर ही जोडी आहे

इथे वेळ द्या. निम्म्याहून जास्त तक्रारी या एका टप्प्यावर मिटतात.

मोबाईल ग्रुपची मागणी ज्या नियमांनी करतात ते आयजीएमपी. आयजीएमपी स्नूपिंग म्हणजे कुठल्या पोर्टवरून कुठल्या ग्रुपची मागणी आली, हे स्विचनं ऐकून लक्षात ठेवणं. ते बंद असेल तर मल्टिकास्ट सगळ्या पोर्टवर जातं. म्हणून लोक ते चालू करतात आणि तिथेच थांबतात. स्विचची ही आठवण कायमची नसते. नेटवर्कवर कोणीतरी ठरावीक वेळानं ‘अजून कोणाला हवं आहे?’ असं विचारत राहावं लागतं, आणि मोबाईल उत्तर देतात तेव्हा ती नोंद ताजी होते. हे विचारणारा तो क्वेरियर.

क्वेरियरच नसेल तर काय होतं, त्याचा हिशेब आयजीएमपीच्या प्रमाणित नियमांत दिलेला आहे. मूळ सेटिंगमध्ये विचारणा दर १२५ सेकंदांनी, उत्तराला १० सेकंदांची मुदत, आणि दोन विचारणा हुकल्या तर नोंद पुसायची. म्हणजे १२५ दुणे २५० अधिक १०, एकूण २६० सेकंद. कार्यक्रम सुरू झाल्यावर सव्वाचार मिनिटांनी ‘भाऊ, काबरं बंद पडनं?’ असं कोणी विचारलं, तर दुसरीकडे कुठे बघू नका. स्नूपिंग आहे आणि क्वेरियर नाही.

असं करा:

१. प्रवाहासाठी एक वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) ठेवा. सगळे ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर त्यातच असू द्या.
२. मधल्या मुख्य स्विचवर त्या व्हीलॅनला आयपी पत्ता द्या आणि तिथे क्वेरियर चालू करा. पत्ता दिला नाही तर काही स्विच शून्य पत्त्यावरून विचारणा करतात आणि काही उपकरणं तिला दाद देत नाहीत.
३. एकाहून जास्त ठिकाणी क्वेरियर चालू राहिले तर ज्याचा आयपी पत्ता लहान तो निवडला जातो. म्हणून मुख्य स्विचचाच पत्ता सर्वांत लहान ठेवा. कोपऱ्यातल्या जुन्या राउटरकडे हे काम गेलं आणि तो कोणी बंद केला, की नवा क्वेरियर जागा होईपर्यंत खोळंबा होतो.
४. एखादा स्विच फक्त आयजीएमपीची आवृत्ती २ जाणत असेल तर क्वेरियरही आवृत्ती २ वरच ठेवा. मोबाईल ती विचारणा ऐकून स्वतः खाली उतरतात. आवृत्ती ३ ची उत्तरं जुन्या स्विचला कळत नाहीत.
५. स्टॉर्म कंट्रोल तपासा. काही स्विच प्रत्येक पोर्टवर मल्टिकास्टला मर्यादा घालून ठेवतात आणि तुमचा प्रवाह त्यातच कापला जातो.

सावध: ‘फास्ट लीव्ह’ किंवा ‘इमिजिएट लीव्ह’ नावाची सेटिंग ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर चालू करू नका. तिचा अर्थ असा की कोणी ‘मला नको’ म्हटलं की स्विच न विचारता त्या पोर्टचा प्रवाह तोडतो. ज्या पोर्टवर एकच टीव्ही आहे तिथे ते ठीक. ॲक्सेस पॉइंटमागे चाळीस मोबाईल असतील तर एकानं ॲप बंद केलं की बाकीच्या एकोणचाळीसांचं तुटतं.

सावध: सेटिंग केल्यावर स्विचवर ‘सेव्ह’ वेगळं दाबावं लागतं. न दाबता गेलात तर लाईट जाऊन आली की क्वेरियर गायब. मग ‘परवा चालत होतं, आज काय झालं’ हा प्रश्न येतो. सेव्ह केल्यावर स्विच मुद्दाम एकदा बंद-चालू करून बघा.

## ५. तारेवरची चाचणी, वाय-फायला हात लावण्याआधी

एक लॅपटॉप सर्व्हरच्या जागी आणि दुसरा ॲक्सेस पॉइंटच्या केबलवर लावा. दोन्हींचं वाय-फाय बंद ठेवा. चाचणीसाठी आयपर्फ या वेग आणि गळती मोजणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती २ घ्या. आवृत्ती ३ ला मल्टिकास्ट येत नाही, तिच्यावर तास घालवू नका. २ मेगाबिटचा प्रवाह सोडा आणि सलग दहा मिनिटं चालू द्या. २६० सेकंदांचा सापळा पाच मिनिटांच्या आत दिसतो, तरी पूर्ण दहा मिनिटं घ्या.

तपासा: तारेवर गळती (वाटेत हरवलेली पॅकेटं, म्हणजे प्रवाहाचे लहान तुकडे) शून्य हवी. ‘अर्धा टक्का चालतं’ असं इथे चालत नाही. वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून विचारणा ठरल्या अंतरानं येते का आणि तिला उत्तर जातं का, तेही बघा. तिसऱ्या एखाद्या पोर्टवर, जिथे कोणी मागणी केलेली नाही, तिथे प्रवाह दिसता कामा नये.

लॅपटॉपवर काहीच आलं नाही तर दोन गोष्टी आधी पाहा. विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलं असेल तर फायरवॉल अडवते. आणि प्रवाहाचा टीटीएल, म्हणजे पॅकेटला किती टप्पे जाऊ द्यायचं तो आकडा. मल्टिकास्टचा टीटीएल मुळात १ असतो, म्हणजे पहिल्याच राउटरवर पॅकेट संपतं. सगळं एकाच व्हीलॅनमध्ये असेल तर १ पुरतो. मधे राउटर असेल तर टीटीएल वाढवा आणि त्या राउटरवर मल्टिकास्ट पलीकडे नेणारी पीआयएम किंवा आयजीएमपी प्रॉक्सी ही सोय चालू करा. नुसता टीटीएल वाढवून पॅकेट पलीकडे जात नाही.

## ६. हवा: इथे मल्टिकास्ट फुकट नसतं

तारेवर एक प्रत शंभर जणांना पुरते, म्हणून हवेतही तसंच असेल असं वाटतं. वाय-फायवर मल्टिकास्ट पाठवणं हे एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं आहे. कोणी ऐकलं, कोणी नाही, याची पोच येत नाही, म्हणून पुन्हा सांगितलंही जात नाही. आणि सर्वांत लांबच्या माणसाला कळावं म्हणून ती फार सावकाश केली जाते.

आकड्यांत बघा. २ मेगाबिटचा व्हिडिओ १३१६ बाइटच्या तुकड्यांत गेला तर सेकंदाला सुमारे १९० पॅकेट होतात. २.४ गिगाहर्ट्‌झवर मूळ वेग (मल्टिकास्ट ज्या सावकाश वेगानं जातं तो) १ मेगाबिट असेल तर एका पॅकेटला ११ मिलिसेकंदांहून जास्त हवा लागते. १९० पॅकेटना दोन सेकंद, आणि हातात असतो एक सेकंद. हा प्रवाह तिथे मावणारच नाही, राउटर कितीही महाग असो. ५ गिगाहर्ट्‌झवर ६ मेगाबिटच्या मूळ वेगानं पॅकेटला जवळपास २ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवेचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग एकाच व्हिडिओत जातो. तोच वेग २४ मेगाबिट केला तर दहा-बारा टक्क्यांत काम होतं.

म्हणून हा क्रम पाळा:

१. प्रवाहासाठी ५ गिगाहर्ट्‌झचं वेगळं नाव ठेवा. २.४ वर तो देऊच नका. फक्त आवाज असेल आणि जुने मोबाईल असतील तर अपवाद करा.
२. १, २, ५.५ आणि ११ मेगाबिटचे जुने वेग बंद करा. मूळ वेग किंवा ‘मल्टिकास्ट रेट’ १२ किंवा २४ वर आणा.
३. लगेच मोबाईल घेऊन हॉलच्या चारही कोपऱ्यांत फिरा. मूळ वेग वाढवला की पोच कमी होते. कोपरा सुटत असेल तर वेग खाली आणण्याऐवजी आणखी एक ॲक्सेस पॉइंट लावा.

आता मुख्य निर्णय. बऱ्याच ॲक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्टमध्ये (एकास-एक प्रवाहात) रूपांतर करण्याची सोय असते. मग प्रत्येक मोबाईलला त्याच्या वेगानं, पोच घेऊन, वेगळी प्रत जाते. गळती जवळपास संपते. पण प्रतींची संख्या मोजा. रावेरच्या व्हिडिओला तीस मोबाईल असतील तर तीस दुणे साठ मेगाबिट. २० मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलवर दोन अँटेनांचा वाय-फाय ५ कागदावर १७३ मेगाबिट देतो, प्रत्यक्षात निम्माच धरावा. त्यात मागच्या रांगेतला मंद मोबाईल एकटाच चौघांची हवा खातो. माझं मत असं की एका ॲक्सेस पॉइंटवर वीस-पंचवीसपर्यंत व्हिडिओसाठी रूपांतर उत्तम. त्यापुढे खरं मल्टिकास्ट, वाढवलेल्या वेगानं आणि दुरुस्तीच्या जादा पॅकेटांसह (भाग ८ पाहा).

आवाजाचं गणित उलटं आहे आणि तिथे जाणते लोकही फसतात. ६४ किलोबिट गुणिले साठ मोबाईल म्हणजे चारच मेगाबिट, मग रूपांतर करायला काय हरकत? हरकत पॅकेटच्या संख्येची आहे. दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे एका मोबाईलला सेकंदाला ५० आणि साठ मोबाईलना ३,०००. पॅकेट कितीही लहान असलं तरी रांगेत थांबणं, पाठवणं आणि पोच घेणं यांत पाव मिलिसेकंद सहज जातं. तीन हजारांना पाऊण सेकंद. हवा भरली. म्हणून नंदुरबारच्या तीन भाषांना खरं मल्टिकास्टच द्या आणि पॅकेट ४० किंवा ६० मिलिसेकंदांचं करा.

पुढचा खिळा डीटीआयएम, म्हणजे साठवलेलं मल्टिकास्ट किती बीकननंतर सोडायचं तो आकडा. ॲक्सेस पॉइंटवरचा एक जरी मोबाईल झोपेच्या अवस्थेत असेल तर मल्टिकास्ट लगेच जात नाही. ते साठवून ठरावीक बीकननंतर एकदम सोडलं जातं. बीकन (ॲक्सेस पॉइंटची ‘मी इथे आहे’ अशी हाक) दर १०२.४ मिलिसेकंदांनी असतो. डीटीआयएम १ असेल तर दर बीकनला, ३ असेल तर सुमारे ३०७ मिलिसेकंदांनी गठ्ठा सुटतो. जिवंत आवाजासाठी १ ठेवा. व्हिडिओला मोबाईलमध्ये एक सेकंदाचा साठा असेल तर २ किंवा ३ चालतो आणि बॅटरीही वाचते. मात्र मोठा गठ्ठा ॲक्सेस पॉइंटच्या साठवणीत मावला नाही तर उरलेलं फेकलं जातं. मध्येच ठरावीक लयीत तुटणारा आवाज हे त्याचं लक्षण.

तपासा: तारेवर केलेली दहा मिनिटांची चाचणी आता वाय-फायवर, सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसून. रूपांतर चालू असेल तर गळती एक टक्क्याच्या आत यावी. खऱ्या मल्टिकास्टला पाच टक्क्यांपर्यंत दुरुस्ती निभावून नेते, त्याच्या वर असेल तर ॲक्सेस पॉइंटची जागा बदला.

## ७. पाठवणारा संगणक

तो केबलवरच हवा. वाय-फायवरच्या लॅपटॉपवरून पाठवलं तर तेच पॅकेट एकदा वर जातं आणि मग पुन्हा खाली येतं, शिवाय ‘क्लायंट आयसोलेशन’ (वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग) चालू असेल तर कुठेच पोचत नाही.

लॅपटॉपला केबल लावली तरी वाय-फाय चालू राहिलं असेल, किंवा आभासी मशीनचं नेटवर्क कार्ड बसलेलं असेल, तर प्रवाह भलत्याच वाटेनं बाहेर पडतो. पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये केबलच्या कार्डाचा पत्ता स्पष्ट द्या. ती सोय नसेल तर बाकीची कार्डं बंद करा.

व्हिडिओचा वेग एकसारखा ठेवा. ‘दर्जा सांभाळा, वेग काहीही होऊ द्या’ अशा सेटिंगवर प्रत्येक पूर्ण फ्रेमला (अख्खं चित्र पाठवणारी फ्रेम) पॅकेटांचा लोंढा येतो आणि वर सांगितलेली साठवण भरून वाहते. पूर्ण फ्रेम दर एक-दोन सेकंदांनी ठेवा, म्हणजे एखादं पॅकेट हरवलं तर चित्र तेवढ्यात सावरतं आणि उशिरा आलेल्यालाही लवकर दिसतं. पॅकेट १३१६ बाइटचं ठेवा, म्हणजे १८८ बाइटचे सात तुकडे बसतात. मर्यादेहून मोठं केलं तर ते रस्त्यात दोन भागांत तुटतं आणि एक भाग हरवला की दोन्ही वाया.

## ८. गळतीची दुरुस्ती, आणि फाईली वाटणं

जिवंत प्रवाहात हरवलेलं पुन्हा मागायला वेळ नसतो. त्यासाठी दुरुस्तीची जादा पॅकेटं आधीच सोडायची. वीस टक्क्यांच्या आसपास पुरतात. वाय-फायवर पॅकेट एकेक हरवत नाही, सलग सहा-आठ जातात. म्हणून दुरुस्ती ओळींत आणि स्तंभांत, दोन्ही दिशांनी बांधणारी निवडा आणि तेवढा साठा मोबाईलच्या ॲपमध्येही ठेवा. नुसती ओळींची दुरुस्ती सलग गळतीपुढे टिकत नाही.

फाईलींचं तसं नाही, तिथे एक बाइटही कमी चालत नाही. अक्कलकुवा, तोरणमाळकडच्या आश्रमशाळेत चाळीस टॅबना ५०० मेगाबाइटचे धडे द्यायचे आहेत असं धरू. वेगवेगळे दिले तर २० गिगाबाइट होतात, आणि प्रत्यक्ष ६० मेगाबिट वेग मिळाला तर पाऊण तास. मल्टिकास्टनं ८ मेगाबिट वेगानं, वीस टक्के दुरुस्ती धरून, दहा मिनिटं. पण त्या दहा मिनिटांत २४ मेगाबिटच्या मूळ वेगावरही निम्मी हवा भरते, म्हणून वर्ग सुटल्यावर करा.

यूएफटीपीसारखं साधन वापरा. ते न मिळालेल्या तुकड्यांची यादी टॅबकडून मागतं आणि पुन्हा पाठवतं. एक-दोन टॅब फारच मागे पडले तर त्यांच्यासाठी सगळ्यांना थांबवू नका. उरलेले तुकडे त्यांना साध्या वेब सर्व्हरवरून वेगळे द्या.

तपासा: प्रत्येक टॅबवर फाईलचा चेकसम (मजकुरावरून काढलेली ओळखीची संख्या) जुळवा. आकार सारखा आहे म्हणजे फाईल बरोबर आहे, असं नाही.

## ९. मोबाईलकडची बाजू

अँड्रॉइड मोबाईल बॅटरी वाचवण्यासाठी मल्टिकास्ट पॅकेट गाळून टाकू शकतो. ॲपनं ‘मल्टिकास्ट लॉक’ घेतलं तरच ती खात्रीनं आत येतात. ॲप तुम्ही बनवून घेत असाल तर बनवणाऱ्याला हे आधी सांगा. आयफोनसाठी, आयओएस १४ पासून, ॲपल कंपनीकडून वेगळी परवानगी मागावी लागते. ती मिळायला वेळ लागतो, कार्यक्रमाच्या आठवड्यात ते होत नाही.

दुसरी अडचण सगळ्यांना माहीत असते आणि तरी विसरली जाते. तुमच्या वाय-फायला इंटरनेट नाही, हे मोबाईलला कळतं आणि तो गुपचूप मोबाईल डेटावर जातो. स्क्रीनवर ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का’ असं विचारलं की ‘होय’ आणि ‘पुन्हा विचारू नका’ दोन्ही निवडायला सांगा. दारावर हे चित्रासकट छापून लावा. व्यासपीठावरून सांगून भागत नाही.

बॅटरी सेव्हर बंद, आणि स्क्रीन बंद करून खिशात ठेवल्यावर आवाज चालू राहतो का, हे तीन-चार वेगळ्या कंपन्यांच्या मोबाईलवर पाहा.

## १०. फिरणारा मोबाईल

हॉलमधून बाहेरच्या वऱ्हांड्यात, वऱ्हांड्यातून पहिल्या मजल्यावर. मोबाईल एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जातो, पण त्याचा आयपी पत्ता तोच राहतो. त्यामुळे नवीन जागी ‘मला हा ग्रुप हवा’ असं तो बहुतेक वेळा पुन्हा सांगत नाही. स्विचच्या नोंदीत अजून जुनाच पोर्ट असतो. पुढची विचारणा येईपर्यंत चित्र गोठलेलं, आणि ती १२५ सेकंदांनी आहे.

उपाय तीन आहेत, आणि शक्य तर तिन्ही करा.

पहिला, विचारणेचं अंतर ३० सेकंद आणि उत्तराची मुदत ५ सेकंद करा. नोंद टिकण्याचा काळ आपोआप ६५ सेकंदांवर येतो. पाच-दहा सेकंदांपर्यंत खाली आणू नका. प्रत्येक विचारणेला सगळे मोबाईल जागे होतात आणि उत्तरांनी हवा भरते.

दुसरा, ॲक्सेस पॉइंटचे पोर्ट त्या ग्रुपचे कायमचे सदस्य म्हणून स्विचवर नोंदवा. मग मोबाईल कुठेही गेला तरी प्रवाह तिथे आधीच पोचलेला असतो. गिगाबिटच्या केबलला दोन-चार मेगाबिट म्हणजे काहीच नाही. पाच-सहा ॲक्सेस पॉइंटच्या इमारतीत हा सर्वांत कामाचा उपाय आहे. फक्त लक्षात ठेवा की ॲक्सेस पॉइंट युनिकास्ट रूपांतर करत असेल तर त्यालाही मोबाईलची मागणी ऐकू यावी लागते. म्हणून पहिला उपाय तरीही हवाच.

तिसरा, ॲपमध्ये. नेटवर्क बदललं, असं मोबाईलनं कळवलं की ॲपनं ग्रुप सोडून लगेच पुन्हा मागावा. दोन सेकंदांत चित्र परत येतं.

इमारती वेगळ्या आणि प्रत्येकीचं सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) वेगळं असेल तर प्रश्न वरच्या पातळीवर जातो. मोबाईलला त्याच्या मूळ सबनेटमधून बोगद्यानं प्रवाह आणून देणं, किंवा त्यानं नव्या जागीच ग्रुप मागणं, असे दोन मार्ग आहेत. बोगद्याचा तोटा असा की वेगवेगळ्या मूळ जागांवरून आलेले मोबाईल एकाच इमारतीत जमले तर त्याच प्रवाहाच्या अनेक प्रती तिथे येऊन आदळतात. कॉलेजच्या आवारासाठी नव्या जागीच मागणं बरं. इमारतींमध्ये पीआयएम चालवा आणि सर्व्हर एकच ठेवा. त्याहून सोपं म्हणजे प्रवाहाचं व्हीलॅन सगळ्या इमारतींना एकच ठेवणं. आवार लहान असेल तर मी तेच सुचवेन.

तपासा: एकानं मोबाईल हातात धरून आवाज ऐकत शेवटच्या टोकापर्यंत चालत जावं आणि तसंच परत यावं. परतीचा रस्ता चुकवू नका. पहिल्यांदा जाताना चालतं आणि परत येताना तुटतं, अशी उदाहरणं बरीच असतात, कारण जुन्या पोर्टची नोंद तोवर पुसलेली असते.

## ११. भरल्या हॉलची चाचणी आणि हातातला कागद

रिकाम्या हॉलची चाचणी पुरेशी नाही. माणसांची शरीरं ५ गिगाहर्ट्‌झ शोषून घेतात आणि मागच्या रांगेचा सिग्नल खाली येतो. म्हणूनच ॲक्सेस पॉइंट डोक्याच्या वर हवा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी निदान एक वर्ग विद्यार्थ्यांना बसवून, सगळ्यांचे मोबाईल जोडून, पंधरा मिनिटं चालवा. त्या वेळात एकदा मुख्य स्विचची लाईट काढून पुन्हा द्या आणि सगळं आपोआप परत येतं का ते बघा.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि आकडा लिहून ठेवा. डीटीआयएम, मूळ वेग आणि रूपांतर तिन्ही एकदम बदललं तर सुधारणा कशानं झाली हे कळत नाही, आणि बिघडलं तर मागे जाता येत नाही.

सगळं जमल्यावर एक कागद रॅकच्या दारावर चिकटवा: ग्रुपचे पत्ते आणि त्यांची भाषा, क्वेरियर कुठल्या स्विचवर, विचारणेचं अंतर, मूळ वेग, डीटीआयएम, रूपांतर चालू की बंद, ॲक्सेस पॉइंटचे पोर्ट क्रमांक. स्विचच्या सेटिंगची फाईल उतरवून वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तो पेन ड्राइव्ह कोणाकडे आहे तेही त्याच कागदावर लिहा.